एडिनाची घंटा

अमेरिकेच्या उत्तर भागात मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तेथील हिवाळा फार कडक असतो. सरोवरे गोठून जातात, रस्त्यांच्या दोन्ही कडांना बर्फाचे ढीग साचतात, आणि जानेवारीच्या आरंभी सूर्योदय व्हावयास सकाळचे पावणेआठ उलटून जातात. या राज्यातील मिनीआपोलिस शहराला लागून एडिना नावाचे एक सुखवस्तू उपनगर आहे. १९९६ पर्यंत या उपनगरातील हायस्कुलाची घंटा सकाळी ७ वाजून २० मिनिटांच्या सुमारास होत असे. म्हणजे थंडीच्या दिवसांत सूर्याच्या आधी अर्धा तास विद्यार्थ्यांना वर्गात हजर व्हावे लागे.

त्यासाठी मुलांना काळोखातच घराबाहेर पडावे लागे. बसची वाट पाहत ती बर्फात उभी राहत आणि बसमध्ये बसताच पुन्हा पेंगू लागत. शिक्षक फळ्यावर एखादे उदाहरण मांडून मागे वळून पाहत, तो काही मस्तके बाकांवर टेकलेली असत. ज्यांची मस्तके सरळ असत, त्यांतील कित्येकांच्या डोळ्यांत झोप भरलेली असे. हीच मुले दुपारनंतर मैदानावर गेली म्हणजे मात्र हरणासारखी धावत. वडीलधाऱ्यांनी यावरून जो निष्कर्ष काढला, तो जगातील सर्व वडीलधारी माणसे काढतात तोच होता : मुले आळशी आहेत, रात्री नको त्या वेळेपर्यंत जागतात आणि सकाळी उठावयाचे म्हटले की त्यांच्या जिवावर येते. आपल्याकडेही लवकर निजून लवकर उठण्याचा उपदेश घराघरांतून होत आला आहे. त्या उपदेशाच्या उत्तरार्धाची अंमलबजावणी घड्याळाचा गजर लावून करता येते. पूर्वार्धाची करता येत नाही, कारण निजण्यासाठी गजर लावून भागत नाही. झोप यावी लागते.

ती वेळेवर का येत नाही, याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न एडिनाच्या गोष्टीच्या वीस वर्षे आधीच सुरू झाला होता. १९७६ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात मेरी कार्सकॅडन या संशोधिकेने मुलांसाठी एक आगळे शिबिर भरविले. दहा, अकरा, बारा वर्षांची मुले विद्यापीठाच्या एका वसतिगृहात राहावयास आली. दिवसभर त्यांनी खेळावे, गप्पा माराव्यात, आणि रात्री दहा वाजता अंथरुणावर पडून सकाळी आठपर्यंत हवे तेवढे झोपावे, असा क्रम होता. त्यांच्या डोक्याला बारीक तारा जोडलेल्या असत आणि त्या तारांच्या साहाय्याने झोपेची नोंद यंत्रावर होत असे. तीच मुले पुढील वर्षी पुन्हा आली, आणि त्याच्या पुढील वर्षीही आली.

मूल जसजसे मोठे होते तसतशी त्याला लागणारी झोप कमी होत जाते, अशी त्या काळी सर्वांची समजूत होती. शिबिरातील नोंदी पाहता ही समजूत टिकली नाही. दहा वर्षांचे मूल असो की सोळा वर्षांचे, झोपण्याची मोकळीक मिळाली की ते सरासरीने सव्वानऊ तास झोपे. याहूनही चकित करणारी गोष्ट दिवसा दिसून आली. दर दोन तासांनी मुलांना काळोख्या खोलीत निजवून, त्यांना किती मिनिटांत डुलकी लागते हे मोजले जात असे. लहान मुलांना दिवसा सहसा झोप येत नसे. परंतु वयात येऊ लागलेल्या मुलांना, रात्री तेवढीच झोप मिळूनही, दुपारी लवकर डुलकी लागे. वाढत्या वयाबरोबर झोपेची गरज घटत नव्हती, हे यावरून स्पष्ट झाले.

मग मोठी मुले प्रत्यक्षात कमी झोपतात, ते कशामुळे? अभ्यास, मित्रमंडळी, करमणूक ही कारणे आहेतच, आणि ती कोणी नाकारीत नाही. परंतु एक कारण शरीराच्या आत दडलेले आहे. आणि ते समजून घेण्यासाठी लाजाळूच्या झाडाची एक जुनी हकीकत ऐकणे बरे.

लाजाळूची पाने दिवसा उलगडतात व रात्री मिटतात, हे कोणीही पाहू शकतो. ती सूर्यप्रकाशामुळे उलगडतात, असे सर्वजण धरून चालले होते. १७२९ साली फ्रान्समधील मेरॉं नावाच्या ज्योतिर्विदाने लाजाळूचे एक रोप काळोख्या जागी ठेवून दिले. तेथे सूर्याचा किरणही पोहोचत नव्हता. तरीही सकाळ झाली की पाने उलगडत आणि संध्याकाळ झाली की मिटत! सूर्य न पाहताही त्या रोपाला वेळ कळत होती. सजीवांच्या शरीरातच कालमापनाची काही योजना असली पाहिजे, या शोधाची ही पहिली पायरी होय. पुढे त्या योजनेचा मागोवा पेशींतील सूक्ष्म घटकांपर्यंत घेणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मनुष्याच्या शरीरातील मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी आहे. दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात, त्या जागेच्या नेमके वर ते वसलेले आहे आणि त्याचा आकार तांदळाच्या दाण्याहून मोठा नाही. हे घड्याळ स्वभावतःच किंचित मंद चालते. त्याचा एक फेरा चोवीस तासांहून थोडा अधिक असतो. म्हणून ते दररोज लावून घ्यावे लागते आणि हे काम सकाळचा उजेड करतो. संध्याकाळी अंधार पडू लागला की हेच घड्याळ मेंदूतील एका लहानशा ग्रंथीला इशारा देते, आणि ती ग्रंथी मेलाटोनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडू लागते. हे द्रव्य म्हणजे शरीरात फिरणारी रात्रीची दवंडीच म्हणावयाची. अमेरिकेतील एरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञाने १९५८ साली ते गाईगुरांच्या ग्रंथींतून वेगळे काढले. तो कातडीच्या रंगाविषयी काही शोधत होता. हाती लागले ते झोपेचे रहस्य.

कार्सकॅडन यांनी पुढे ब्राऊन विद्यापीठात जाऊन कुमारवयीन मुलांच्या लाळेतील मेलाटोनिन मोजले. त्यातून दिसून आले ते असे की, मूल वयात येऊ लागले म्हणजे ही दवंडी उशिरा पिटली जाऊ लागते. नऊ वर्षांच्या मुलाला रात्री साडेआठ-नऊला आपोआप झोप येते. तेच मूल पंधरा-सोळा वर्षांचे झाले की, अकराच्या आत त्याचे डोळे मिटणे कठीण जाते. त्यातच, जागरण वाढत जाईल तसा शरीरावर साचत जाणारा झोपेचा भार या वयात लहानपणापेक्षा सावकाश साचतो, त्यामुळे मुलाला आपण अजून ताजेतवाने आहोत असे वाटत राहते. हा पालट कोणा एका देशातील मुलांपुरता नाही. निरनिराळ्या देशांत तो आढळला आहे. वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास घड्याळ पुन्हा हळूहळू मागे येऊ लागते. चाळिशीतल्या बापाला पहाटे आपोआप जाग येते आणि त्याच्या मुलाला येत नाही, यात बापाचा काही विशेष पराक्रम नाही.

आता साधा हिशेब करून पाहावा. रात्री अकराला झोपलेल्या मुलाला नऊ तास झोप हवी असेल, तर त्याने सकाळी आठला उठावे. त्याला सहाला उठविले की दोन तास कमी पडले. शाळेच्या पाच दिवसांत ही तूट दहा तासांवर जाते, म्हणजे एक संपूर्ण रात्र आणि वर एक तास. रविवारी ते मूल दुपारपर्यंत अंथरुणात लोळत पडले, की घरातील माणसे त्याला बोल लावतात. वास्तविक ते बिचारे कर्ज फेडीत असते. आणि तेही पुरते फिटत नाहीच.

बुडालेले तास कोणते, हेही पाहिले पाहिजे. रात्रभर झोप एकसारखी नसते. पूर्वार्धात गाढ झोपेचे प्रमाण अधिक असते. शरीराची वाढ घडविणारे द्रव्य मुख्यतः याच वेळी स्रवते. उत्तरार्धात एक निराळीच झोप वाढत जाते. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील यूजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याने आणि त्याचे गुरू नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी ती जगापुढे आणली. ॲसेरिन्स्कीने आपल्या आठ वर्षांच्या मुलालाच यंत्राला जोडून निजविले होते. मुलगा शांत झोपला असताही कागदावरील रेघा मधूनच वेगाने नाचू लागत. मूल जागे झाले असावे असे वाटून बाप आत जाऊन पाहतो तो मूल गाढ निद्रेत, आणि मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे मात्र झरझर हलत आहेत! स्वप्ने बहुधा याच झोपेत पडतात. दिवसभर शिकलेले मनात नीट रुजविण्याचे काम झोपेच्या या निरनिराळ्या अवस्था मिळून करतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून पाठांतर करणारा विद्यार्थी, पेरलेले बी पाण्यावाचून सोडून देतो.

ही स्वप्नांची झोप निरोगी मनुष्याला डोळा लागल्यानंतर साधारणतः दीड तासाने प्रथम येते. हे ध्यानात ठेवले म्हणजे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचा अर्थ कळतो. ज्यांची शाळा नववीत असताना ८ वाजून २५ मिनिटांनी भरत होती आणि दहावीत गेल्यावर ७ वाजून २० मिनिटांनी भरू लागली, अशा मुलांची कार्सकॅडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली. शाळा तासभर अलीकडे आली म्हणून मुले तासभर अगोदर झोपू लागली होती काय? मुळीच नाही. निजण्याची वेळ जवळजवळ तीच राहिली होती, केवळ उठण्याची अलीकडे आली होती. सकाळी साडेआठ वाजता त्यांना काळोख्या खोलीत पडावयास सांगितले, तेव्हा काही मिनिटांतच त्यांना झोप लागली. आणि त्या दिवसभरातील लहान लहान डुलक्यांत निम्म्याच्या आसपास मुले थेट स्वप्नांच्या झोपेत शिरली. ती शाळेत आली होती खरी, परंतु त्यांची रात्र अजून संपली नव्हती. अशा मुलापुढे गणित मांडणारा शिक्षक कितीही निष्णात असला, तरी तो मध्यरात्री शिकवीत असतो.

हे ज्ञान विद्यापीठांच्या भिंतींबाहेर येऊ लागले, तेव्हा मिनेसोटातील वैद्यांच्या संघटनेने राज्यातील शिक्षणाधिकाऱ्यांना हायस्कुले उशिरा भरविण्याची विनंती केली. एडिनाने ती मनावर घेतली. बदल सुचविताच जे व्हावयाचे ते झाले. खेळाच्या शिक्षकांना संध्याकाळच्या सरावाची चिंता पडली, कारण उत्तरेकडे दिवस लवकर मावळतो. तीच बस आधी मोठ्या मुलांना व मागाहून लहानांना आणीत असल्यामुळे सगळे वेळापत्रक नव्याने आखावे लागणार होते. शाळा सुटल्यावर दुकानांत काम करून चार पैसे मिळविणाऱ्या मुलांचे काय, हाही प्रश्न होता. आणि या सर्वांवर एक ठरीव आक्षेप : शाळा तासभर उशिरा भरविली तर मुले तासभर उशिरा झोपतील, यापलीकडे काही होणार नाही. हा आक्षेप वरकरणी इतका पटण्यासारखा आहे, की प्रयोग केल्यावाचून त्याला उत्तर देणे अवघडच होते.

१९९६ मध्ये एडिनाने प्रयोग केला. घंटा साडेआठला होऊ लागली. पुढल्या वर्षी मिनीआपोलिस शहरानेही आपली हायस्कुले ७ वाजून १५ मिनिटांवरून ८ वाजून ४० मिनिटांवर नेली. मिनेसोटा विद्यापीठातील कायला वॉलस्ट्रॉम यांनी या दोन्ही ठिकाणच्या परिणामांचा अभ्यास केला. मुले पूर्वीच्याच वेळी झोपत होती. सकाळचा जो तास त्यांना परत मिळाला होता, तो त्यांनी झोपेतच घालविला. बाकांवर टेकलेली मस्तके कमी झाली. शाळेतील परिचारिकेकडे व समुपदेशकांकडे गाऱ्हाणी घेऊन येणारी मुले कमी झाली. मिनीआपोलिसमध्ये हजेरी सुधारली. परीक्षेतील गुण मात्र म्हणण्यासारखे वाढले नाहीत. थोडी वाढ दिसली, पण तीवरून ठामपणे काही सांगता येईना. हे वॉलस्ट्रॉम यांनी न लपविता नमूद केले आहे आणि त्यामुळे त्यांच्या बाकीच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवावासा वाटतो. एडिनातील पालकांना वर्षअखेरीस विचारले, तेव्हा त्यांपैकी बहुतेकांनी नवीच वेळ ठेवा असे सांगितले. घरातली मुले आता पूर्वीइतकी चिडखोर राहिली नाहीत, त्यांच्याशी चार शब्द बोलता येतात, असे कित्येकांचे म्हणणे पडले. गुणपत्रिकेत ज्याची नोंद होत नाही असा हा लाभ कमी मोलाचा नव्हता.

काही ठिकाणी प्रश्न जिवाशी येऊन भिडला होता. अमेरिकेत सोळा-सतरा वर्षांची मुले स्वतः मोटार चालवितात, आणि पेंगुळलेल्या चालकाच्या हाती चाक म्हणजे काय हे सांगावयास नको. केंटकी राज्यातील एका जिल्ह्याने १९९८ साली शाळा तासाने पुढे नेल्या. त्याच्या आधीची दोन वर्षे व नंतरची दोन वर्षे यांची तुलना केली असता, तेथील सतरा-अठरा वर्षांच्या चालकांच्या अपघातांचे प्रमाण शेकडा साडेसोळांनी घटलेले आढळले. त्याच काळात राज्याच्या उरलेल्या भागात ते वाढले होते.

मुले आपल्या झोपेविषयी जे सांगतात ते कितपत खरे मानावे, अशी शंका घेणारेही होते. सिॲटल शहराने २०१६ मध्ये हायस्कुले ७ वाजून ५० मिनिटांवरून ८ वाजून ४५ मिनिटांवर नेली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या मनगटावर हालचाल टिपणारी यंत्रे बांधून झोप मोजण्यात आली. रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढली होती. तरीही ती साडेसात तासांपर्यंत पोहोचली नव्हती. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे झोपेच्या तज्ज्ञांनी त्याच वर्षी सांगितले होते. म्हणजे घंटेने आपले काम केले. उरलेले घरी व्हावयाचे होते.

आणि घरी काही करता येण्यासारखे आहे. घड्याळ उजेडावर चालते, हे एकदा समजले की पुष्कळशा गोष्टी आपोआप सुचतात. आपल्या डोळ्यांत, पाहण्याशी फारसा संबंध नसलेल्या आणि केवळ उजेड किती आहे एवढे मेंदूतील घड्याळाला कळविणाऱ्या काही विशिष्ट पेशी आहेत. २००२ साली त्यांचे कार्य उघडकीस आले. निळसर उजेड त्यांना विशेष जाणवतो. रात्री दहाला मोबाइल डोळ्यांपुढे धरणारा मुलगा आपल्या घड्याळाला सांगत असतो की, संध्याकाळ अजून व्हावयाची आहे. त्या उजेडाहूनही मोबाइलमधील मजकूर अधिक जागवितो, कारण तो संपतच नाही. तेव्हा निजण्याच्या तासभर आधी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, दिवे मंद करावेत. आईबापांनीही आपले मोबाइल त्याच खोलीत ठेवले, तर मुलांना हा नियम जाचत नाही. एरवी जाचतो, आणि तो जाचणे रास्तच आहे. सकाळी उठताच खिडकी उघडावी अथवा अंगणात, गच्चीवर जावे. त्या उजेडाने घड्याळ थोडे मागे सरते व रात्री झोप थोडी लवकर येते. रविवारी तासभर अधिक झोपण्यास हरकत नाही, मात्र दुपारी बारापर्यंत झोपले की रविवारच्या रात्री झोप येत नाही आणि सोमवार अधिकच जड जातो. चहा-कॉफीतील उत्तेजक द्रव्य पाच-सहा तासांनंतरही निम्मे शरीरात उरते; म्हणून संध्याकाळचा चहा आणि रात्रीची कुरकुर यांचा संबंध आहे. दुपारी शाळेतून आल्यावर वीस-पंचवीस मिनिटे डोळा लागला तर लागू द्यावा. त्याला आळस म्हणू नये.

यापलीकडचे मात्र मुलाच्या हाती नसते. शिकवणीचा वर्ग रात्री नऊला सुटत असेल, घरी येऊन जेवण व्हावयास दहा वाजत असतील आणि मग गृहपाठ काढावयाचा असेल, तर त्या मुलाला लवकर नीज म्हणून सांगण्यात काय अर्थ आहे? तेथे शिकवणीची वेळ ठरविणाऱ्यांनी आणि ती मान्य करणाऱ्यांनीच विचार करावयास हवा.

कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली याविषयी कायदा केला आणि १ जुलै २०२२ पासून तो अमलात आणला. थोड्या ग्रामीण शाळा वगळता तेथे हायस्कूल साडेआठच्या आत भरविता येत नाही. महाराष्ट्रातही हा विषय निघाला. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही याकडे लक्ष वेधले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय दिला. लहानग्यांची सोय झाली, हे उत्तमच झाले. तथापि ज्या वयात घड्याळ पुढे सरकते, ते वय चौथीनंतर सुरू होते. शहरांतील कित्येक शाळांत एकाच इमारतीत दोन सत्रे चालतात. वर्गखोल्या तेवढ्याच आणि मुले दुप्पट असल्यामुळे कोणाला तरी सकाळी यावेच लागते. आणि पुष्कळ ठिकाणी सकाळचे सत्र वरच्या वर्गांच्या वाट्याला येते. मुंबईत जानेवारीच्या मध्यास सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सातला भरणाऱ्या शाळेतील मुले तोपर्यंत प्रार्थना आटोपून, दिव्याच्या उजेडात पहिल्या तासाची वही उघडून बसलेली असतात.